यादीतला डॉक्टर

गिरणीत आयुष्य काढून गावी परतलेल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : ‘पॅनल’. ‘आमचा पॅनलचा डॉक्टर लालबागला होता’, ‘पॅनलवाल्यानं चिठी दिली, तेव्हा मोठ्या इस्पितळात घेतलं’. बुरोंडी, लाडघर, कोळथरे या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांत मी हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा, जुने कायदे आणि अहवाल चाळू लागल्यावर कळला. पॅनलचा डॉक्टर म्हणजे कामगार विमा योजनेच्या यादीत नाव असलेला खासगी डॉक्टर. आज त्याच घरांत दुसरा शब्द आला आहे : ‘नेटवर्क’. हे मोबाइलचं नेटवर्क नव्हे (ते बुरोंडीच्या कुठल्या चढावर मिळतं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे), तर विमा कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयांचं.

छातीत कळ आली तर आपल्या पॉलिसीवर किंवा आपल्या रेशनकार्डावर उपचार करील असा हृदयविकारतज्ज्ञ जवळपास कुठे आहे, हा आज किनाऱ्यावरच्या घराघरांतला प्रश्न आहे. प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना माझं एक मत बनत गेलं, ते आधीच सांगून टाकतो. यादी नेहमी जिथे पगार मिळतो तिथे तयार झाली. आजार मात्र माणसाबरोबर गावी परतला. आणि दुसऱ्या बाजूला, हृदयाचा उपचार जसजसा सुधारत गेला तसतसा तो गावापासून लांब गेला. या दोन अंतरांच्या मध्ये कोकणातला रोगी उभा आहे.

‘पॅनल’ हा शब्द आपल्याकडे इंग्लंडहून आला. मुळात पॅनल म्हणजे ज्यूरीत बसणाऱ्यांची नावं लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा. लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकारानं १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा कायदा झाला आणि डॉक्टरांच्या यादीला हे नाव चिकटलं. प्रत्येक भागातल्या विमा समितीनं डॉक्टरांची यादी ठेवायची, कामगारानं तिच्यातून एक निवडायचा, आणि डॉक्टरला दरडोई ठरावीक रक्कम मिळायची. या व्यवस्थेत दोन माणसं बाहेर राहिली. एक, कामगाराची बायको (मुलंही तिच्याबरोबर). दुसरा, तज्ज्ञ डॉक्टर. यादीत होता तो साधा, गल्लीतला डॉक्टर. विशेषज्ञाकडे जायचं तर धर्मादाय रुग्णालयाच्या रांगेत उभं राहायचं. यादी आणि तज्ज्ञ यांची फारकत इतकी जुनी आहे.

हिंदुस्थानात कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवण्यात आलं. त्यांचा अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर झाला. बेव्हरिज यांच्या ब्रिटनमधल्या गाजलेल्या अहवालाची तेव्हा इतकी चर्चा होती की अदारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटलं गेलं. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. दापोलीकरांना इथे थोडं थांबावंसं वाटेल. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. सैन्यातून निवृत्त झाल्यावर रामजी सकपाळ काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले होते आणि लहानग्या भीमरावाच्या आयुष्याची काही वर्षं तिथे गेली. ज्यांच्या खात्यातून या देशातल्या पहिल्या मोठ्या आरोग्य विम्याचा मसुदा पुढे सरकला, त्यांना दापोलीच्या मातीतला माणूस डॉक्टरपासून किती लांब राहतो हे कुणी सांगण्याची गरज नव्हती.

पण कायदा गिरणीसाठी होता. कर्मचारी राज्य विमा कायदा एप्रिल १९४८ मध्ये मंजूर झाला. यांत्रिक शक्ती वापरणारे आणि वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेले कारखाने त्यात आले, पगाराची मर्यादा महिना ४०० रुपये ठरली. आणि एक छोटं वाक्य होतं : हंगामी कारखाने वगळून. कायदा वाचताना या वाक्यावर मी बराच वेळ अडखळलो होतो. बुरोंडीत हंगामी नाही असं काय आहे? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. आंब्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. भात चार महिन्यांचं. विमा काढायला बारमाही मालक लागतो, आणि बारमाही मालक आमच्या माणसांना मुंबईतच भेटला.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली आली. मुंबईत सरकारी दवाखान्यांपेक्षा पॅनल पद्धतीवर भर राहिला. गिरणगावातल्या चाळींच्या तळमजल्यावर दवाखाना चालवणारे डॉक्टर यादीत आले. त्यांच्याबद्दल जुन्या कामगारांची मतं ऐकण्यासारखी असतात. कुणी म्हणतो, डॉक्टर रंगीत पाण्याच्या बाटल्या द्यायचा. कुणी म्हणतो, त्याच्या चिठीवर रजा मिळायची म्हणून तो देवमाणूस. पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशाला त्यांनी औषधापेक्षा रजेच्या दाखल्यात मोजलं, असं मला वाटतं. पुढे कुटुंबालाही वैद्यकीय लाभ मिळू लागला. पण कोकणी कामगाराचं कुटुंब होतं कुठे? परळच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-पंधरा बाप्ये, आणि बायको, आई, मुलं गावी. कागदावर विमा कुटुंबाला होता. कुटुंब बोटीच्या एका रात्रीच्या प्रवासापलीकडे, हर्णै किंवा दाभोळ बंदरात उतरून पुढे चालत जाण्याच्या अंतरावर.

मग गावाकडच्या हृदयरोग्याचं काय व्हायचं? त्याचा विमा म्हणजे गावकीची खोली. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत त्याची पथारी पडायची, कुणाचा तरी भाचा इस्पितळात वॉर्डबॉय असायचा, आणि सकाळी केईएमच्या रांगेत त्याला उभं केलं जायचं. १९२६ साली परळमध्ये सुरू झालेलं हे महापालिकेचं रुग्णालय कुठल्याच यादीवर चालत नव्हतं. दार उघडं होतं. तिथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा अडीच महिनेच झाले होते. रोगी काही तासच जगला, पण जगातल्या मोजक्या शहरांत जे झालं ते परळला झालं, भोवती गिरण्यांचे भोंगे वाजत असताना. सांधेतापानं झडपा खराब झालेली कोकणातली तरुण मुलं-मुली याच भागात हृदयाच्या डॉक्टरसमोर पहिल्यांदा आली. कुणी विम्याचं नाव विचारत नसे. रांग लांब, खाट मिळणं नशिबाचं, औषधं बाहेरून आणायची. पण ‘तुमचं कार्ड इथे चालत नाही’ हे वाक्य तेव्हा जन्माला आलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि असंख्य परत आत गेलेच नाहीत. संपाचा इतिहास पगार, युनियन आणि जमिनीच्या अंगानं पुष्कळ लिहिला गेला. एक गोष्ट त्यात फारशी येत नाही : नोकरीबरोबर पॅनलही गेलं. चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे हृदयविकार दार ठोठावतो त्या वयात, ही माणसं गावी परतली तेव्हा त्यांच्या खिशात कसलाच विमा नव्हता. नियमानं निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी वैद्यकीय सोय चालू ठेवता येईल, असा नियम पुढे झाला. पण तिचा दवाखानाही शहरातच.

आता दुसऱ्या अंतराकडे वळतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला मुंबईतला मोठा डॉक्टर जे देऊ शकत होता आणि दापोलीतला डॉक्टर जे देऊ शकत होता, त्यात जमीनअस्मानाचा फरक नव्हता. सक्तीची विश्रांती, वेदनाशामक, प्राणवायू, डिजिटॅलिस. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती रुंद केली आणि सगळं बदललं. उपचारासाठी आता कॅथलॅब हवी, तिच्यासाठी तंत्रज्ञ हवेत, आणि त्यांना सांभाळण्याइतके रोगी हवेत. म्हणजे शहर हवं. शिवाय उपचाराला घड्याळ लागलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत द्यायला हवं, फुगा घालायचा तर शक्यतो दीड-दोन तासांत. बुरोंडी ते दापोली १०-१२ किलोमीटर, दापोली ते खेड आणखी सुमारे ३०, आणि पुढचा महामार्ग कसा आहे हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

हा सगळा प्रवास एकाच दिशेनं झाला असंही नाही. उलट दिशेचं एक उदाहरण आमच्या अगदी जवळ, महाडला घडलं. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. गावाची समजूत अशी की विष चढतं, उतरवावं लागतं. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशी बसून नोंदी ठेवल्या आणि दाखवलं की ही माणसं हृदय निकामी होऊन, फुप्फुसांत पाणी भरून मरतात. घाम, वांती, थंडगार हातपाय ही हृदय कोलमडण्याची आगाऊ सूचना असते, ही त्यांची निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. त्यानंतर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबासाठीचं औषध या रोग्यांना देऊन पाहिलं. साधी गोळी, किंमत क्षुल्लक, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्याजोगी. जिथे दहातले चार दगावत, तिथे मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याला मी कोकणातल्या हृदयोपचाराचा सर्वांत मोठा प्रसंग मानतो, केईएमच्या प्रत्यारोपणापेक्षाही मोठा. बावस्कर हृदयविकारतज्ज्ञ म्हणून पाटी लावून बसले नव्हते. ते जिथे रोगी होता तिथे होते. आणि त्या गोळीसाठी कुणाची पूर्वमंजुरी लागत नव्हती. याच बावस्करांनी २०१३ मध्ये, तपासणीसाठी रोगी पाठवल्याबद्दल आलेला १२०० रुपयांचा धनादेश मिळाल्यावर वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द वर्तमानपत्रांत गाजला. आपल्याला कोणत्या तज्ज्ञाकडे पाठवलं जातं, हे केवळ विम्याच्या यादीवर ठरत नाही, याची ती आठवण होती.

विंचवाचा प्रश्न असा सुटला. अडलेल्या रक्तवाहिनीचा प्रश्न गोळीनं सुटणारा नाही. त्यासाठी पैसा लागतो, आणि तिथे खासगी विमा आला. सरकारी मालकीच्या चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम पॉलिसी आणली. सुरुवातीला आधी बिल स्वतः भरायचं, मग कागद जोडून पैसे मागायचे, अशी रीत होती. त्यामुळे कोणत्या डॉक्टरकडे जावं हा प्रश्न विम्यापुरता उद्‌भवतच नव्हता. प्रश्न होता तो पैसे उभे करण्याचा. खासगी कंपन्यांना दार उघडल्यावर, २००१ च्या नियमांनी विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये ‘टीपीए’ नावाचा तिसरा पक्ष उभा केला आणि ‘कॅशलेस’ हा शब्द रुळला. कॅशलेसबरोबर यादी परत आली. जुलै २०१० मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईतल्या अनेक बड्या रुग्णालयांची कॅशलेस सोय बिलांच्या वादातून थांबवली, तेव्हा दक्षिण मुंबईतल्या सुखवस्तू माणसांना पहिल्यांदा कळलं की यादीबाहेर पडणं म्हणजे काय. आम्ही ते पिढ्यान्‌पिढ्या जाणत होतो.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा, कारण त्यात बहुतेक जण फसतात. अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या बोलण्यात ‘हा डॉक्टर माझा इन्शुरन्स घेतो का’ असा प्रश्न असतो. तिथे डॉक्टर यादीत असतो किंवा नसतो. आपल्याकडे यादी रुग्णालयांची आहे. डॉक्टर विमा घेत नाही, रुग्णालय घेतं. आणि बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच बोलू लागतात. म्हणजे महिन्यातून एकदा शहरातून दापोली-चिपळूणला येणाऱ्या तज्ज्ञाची फी, त्यानं सांगितलेला इको, रक्ताच्या तपासण्या, पुढची आयुष्यभराची औषधं, हे सगळं रोग्याच्या खिशातून. हृदयविकार टाळायचा तर हाच खर्च करावा लागतो. विमा आजार पिकण्याची वाट पाहतो, असं मी एकदा एका सभेत म्हटलं तेव्हा श्रोत्यांतला एक एजंट रागावला होता. नंतर चहाला त्यानंच मला त्याच्या आईचं उदाहरण दिलं.

आमच्या नात्यातल्या एका दादांचंच पाहा. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडिलांची नावं. दादा बुरोंडीत. घाट चढताना छाती आवळायला लागली, दापोलीत ईसीजी झाला, अँजिओग्राफी करून घ्या असं सांगण्यात आलं. पुण्यात मुलगा यादी उघडून बसला. यादीत जिल्ह्यातलं एक रुग्णालय होतं; फोन केल्यावर कळलं की तिथलं हृदयाचं काम त्या कंपनीच्या करारात बसत नाही. म्हणजे यादी बरोबर आणि उपयोग शून्य. शेवटी दादांना गाडीनं पुण्याला नेलं. उपचार चांगले झाले. मात्र खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा अधिक म्हणून बाकीच्या बिलातूनही त्याच प्रमाणात कात्री लागली. दादा आता बरे आहेत. त्यांचा आक्षेप पैशाबद्दल नाही. ते म्हणतात, ‘माझा विमा पुण्यात राहतो रे, मी इकडं.’ आखाती देशांत मुलं असलेल्या बुरोंडीतल्या आणि आसपासच्या घरांतही हेच वाक्य ऐकू येईल, गावाचं नाव तेवढं बदलेल.

सरकारी योजनांची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली, पण तीही हृदयापासूनच सुरू झाली. महाराष्ट्र शासनाची जीवनदायी योजना १९९७ ची. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा महागड्या शस्त्रक्रियांसाठी मदत. २ जुलै २०१२ रोजी तिचं रूपांतर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत झालं. पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत ९७१ प्रकारचे उपचार; शासन विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये भरणार. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते आणि त्यांत रायगड होता, रत्नागिरी नव्हता. मंडणगडमधल्या वेसवीला खाडीच्या या काठावर उभं राहिलं की समोर बागमांडला दिसतं. दहा-पंधरा मिनिटांची फेरीबोट. पलीकडच्या केशरी कार्डावर बायपास होत होती, अलीकडच्या केशरी कार्डावर धान्य मिळत होतं. २१ नोव्हेंबर २०१३ ला योजना राज्यभर झाली तोपर्यंत, म्हणजे सोळा महिने, सावित्रीच्या दोन काठांवर एकाच रंगाच्या कार्डाचे दोन अर्थ होते.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला : साधा ७,२६० रुपये, औषधलेपित २९,६०० रुपये, कर वेगळा. माझ्या मते हृदयरोग्याच्या खिशाला या एका आदेशानं जितका दिलासा दिला तितका कित्येक पॉलिसींनी मिळून दिला नसेल, कारण तो लागू व्हायला कुठल्या यादीत असावं लागत नव्हतं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं, पाच लाखांचं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्याचीही मर्यादा पाच लाख केली आणि कार्डाच्या रंगाची अट काढली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान कार्ड मिळू लागलं.

म्हणजे कागदाच्या बाजूनं पाहिलं तर बुरोंडीतला सत्तरीचा खलाशी आज विमाधारक आहे. सात दशकांहून अधिक काळापूर्वी हंगामी म्हणून वगळलेला माणूस आत आला, ही लहान गोष्ट नाही. त्याला डॉक्टर कुठे आहे? जिल्ह्यात या योजनेवर हृदयाचे उपचार म्हटलं की लोक चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाचं नाव घेतात. ट्रस्टनं खेड्यात उभारलेलं हे रुग्णालय नसतं तर उत्तर रत्नागिरीची यादी म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूरचा नकाशा झाला असता. तरी बुरोंडीहून तिथवर अडीच-तीन तास धरून चालावेत. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. राज्यभरात ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. योजनेत रोग्याला हाताशी धरणारा ‘आरोग्यमित्र’ही आहे, आणि ज्यानं कधी विम्याचा कागद पाहिला नाही त्याला त्याचा मोठा आधार वाटतो. पण आरोग्यमित्र बसतो रुग्णालयाच्या दाराशी. तिथवर पोहोचलेल्याला तो भेटतो.

खासगी विम्यानं अलीकडे यादीच मोडीत काढायचं ठरवलं आहे. २५ जानेवारी २०२४ रोजी विमा कंपन्यांच्या परिषदेनं ‘कॅशलेस सर्वत्र’ जाहीर केलं : यादीबाहेरच्या रुग्णालयातही रोख न भरता उपचार. ठरवून भरती व्हायचं तर ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, तातडीचं असेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांत. त्याच वर्षी मे महिन्यात विमा नियामकानं कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय देण्याची सक्ती केली. रुग्णालयाकरता अटी आहेत, त्यांतली एक किमान पंधरा खाटांची. आणि मुख्य म्हणजे रुग्णालयाची तयारी हवी. ते नाही म्हणालं तर नियमाला फारसं काही करता येत नाही.

दापोलीच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानांबाहेर बाहेरगावच्या तज्ज्ञांचे फलक टांगलेले असतात. डॉक्टरांचं नाव, पदव्या, महिन्यातला कितवा रविवार, नावनोंदणीचा नंबर. बुरोंडीहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेली माणसं त्या फलकासमोर उभी राहून तारीख वाचतात. मी असे फलक गेली काही वर्षं टिपून ठेवतो आहे. कोणत्या विम्यावर तपासलं जाईल, हे अजून एकाही फलकावर लिहिलेलं मला दिसलेलं नाही.